प्रस्तावना : आधी षटके मोजा

कवठे महांकाळच्या परिसरात द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला की टेनिस बॉलच्या स्पर्धांचे फलक झळकू लागतात. पहिले बक्षीस रोख, दुसरे बक्षीस रोख, शिवाय चषक. प्रत्येक संघात एक तरी ‘फास्ट टाकणारा’ पोरगा असतोच. त्याच्या वाट्याला डावात एक-दोन षटके येतात, ती तो जीव खाऊन टाकतो आणि मैदानाबाहेर येऊन पाणी पितो. तोच पोरगा लेदर बॉल घेऊन दिवसाला वीस षटके टाकू लागला, आणि असे दिवस महिन्यामागून महिने येऊ लागले, की हौसेची मजुरी होते. पुढच्या प्रकरणांचा विषय ती मजुरी आहे. तिच्यासाठी लागणारे शरीर, तिचा मोबदला, ती किती वर्षे करता येते आणि कोण ती कशी लांबवतो, हे सारे तिच्यात आले.

या अभ्यासाकडे येणाऱ्याला आउटस्विंग आणि इनस्विंग यांतला फरक आधीच ठाऊक असायला हवा, असे मुळीच नाही. तो वाचता वाचता कळतो. मी एकच सवय लावून घ्यायला सांगेन. धावफलकात गोलंदाजाच्या नावापुढे चार आकडे असतात : षटके, निर्धाव, धावा, बळी. आपली नजर आपोआप चौथ्यावर जाते. या विषयात ती पहिल्यावर गेली पाहिजे.

उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध रमाकांत देसाई पहिली कसोटी खेळले. त्यांनी ४९ षटके टाकली, १६९ धावा देऊन ४ बळी घेतले. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला झहीर खान शेवटची कसोटी खेळला. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात, म्हणजे ब्रेंडन मॅक्युलमने ३०२ धावा केल्या त्या डावात, त्याने ५१ षटके टाकली, १७० धावा देऊन ५ बळी घेतले. मध्ये ५५ वर्षे गेली, आकडे जवळजवळ तेच राहिले. पण देसाई तेव्हा १९ वर्षांचे होते आणि झहीर ३५ वर्षांचा. एकाच्या कारकिर्दीची ही सुरुवात, दुसऱ्याच्या कारकिर्दीचा शेवट. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्याबद्दल विचारण्यासारखे बहुतेक प्रश्न या दोन नोंदींमधल्या अंतरात सापडतात.

देसाईंपाशी थोडे थांबू या, कारण त्यांच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. उंची जेमतेम, टोपणनाव ‘टायनी’, आणि तरी उसळता चेंडू टाकण्याची धमक. १९५८-५९ च्या रणजी हंगामात त्यांनी मुंबईसाठी ५० बळी घेतले. पुढे पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत हनीफ मोहम्मदसारख्या चिवट फलंदाजाला त्यांनी पुन्हा पुन्हा बाद केले. १९६५ मध्ये मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत ६ बळी मिळवले. दुसऱ्या टोकाकडून त्यांच्या तोडीचा वेग टाकणारा साथीदार बहुधा नसे. शेवटची कसोटी १९६८ ची, ड्युनेडिनची. तीत डिक मोट्झचा चेंडू लागून जबडा मोडला, तरी ते खेळत राहिले आणि बिशनसिंग बेदींबरोबर शेवटच्या जोडीसाठी ५७ धावा जोडल्या. भारताने परदेशात जिंकलेली ती पहिली कसोटी. देसाई तेव्हा २८ वर्षांचे होते आणि २८ कसोट्यांत ७४ बळींवर त्यांचा हिशेब मिटला. ज्या वयात आजचा गोलंदाज ऐन भरात असतो, त्या वयात ते वापरून संपले होते. हा शब्द कठोर आहे, पण मला दुसरा सुचत नाही.

शरीराचे प्रकरण पुढे सविस्तर आले आहे, म्हणून इथे एवढेच. चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि त्याच क्षणी कंबर वाकते, वळते, पिळली जाते. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या कमरेच्या मणक्यांत डाव्या बाजूला बारीक तडा जाण्याचा धोका असतो. कोवळ्या वयात हाडे पुरती पक्की झालेली नसतात, त्यामुळे सोळा ते बावीस ही वर्षे सर्वांत धोक्याची. नेमक्या याच वयात निवड समित्यांचे लक्ष जाते आणि प्रत्येक कर्णधाराला तो पोरगा आपल्या संघात हवा असतो.

आपल्या भागातला वाचक विचारील, यात दक्षिण महाराष्ट्राचे काय? डिसेंबर १९४७ ची सिडनी कसोटी उघडा. ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया १०७ धावांत आटोपला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी २९ धावांत ४ बळी घेतले, त्यांत ब्रॅडमनचा त्रिफळाही होता. कोल्हापुरात जन्मलेल्या दत्तू फडकरांनी पदार्पणातच १४ धावांत ३ बळी घेतले. दहापैकी सात बळी कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातल्या दोघांनी घेतले होते. पावसाने तो सामना अनिर्णित राहिला आणि ही कामगिरीही विसरली गेली. पुढच्याच महिन्यात ॲडलेडला हजारेंनी दोन्ही डावांत शतके ठोकली आणि लोकांनी त्यांना फलंदाज म्हणूनच लक्षात ठेवले. हजारे मध्यमगती, फडकर त्यांच्याहून थोडे वेगवान. निखळ वेगाच्या इतिहासात दोघांना ओढून बसवू नये, हे मलाही मान्य आहे. पण बॅटने हात दिला म्हणूनच त्यांची नावे टिकली, याची नोंद घ्यावी लागते.

ज्याच्याकडे नुसता चेंडू होता त्याचे काय झाले? पांडुरंग साळगावकर सत्तरच्या दशकात महाराष्ट्राकडून खेळत, देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांत त्यांचे नाव घेतले जाई. प्रथम श्रेणीत त्यांनी दोनशेहून अधिक बळी घेतले, पण अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. तो फिरकी चौकडीचा काळ होता. नव्या चेंडूची लकाकी घालवण्यापुरती दोन-चार षटके कोणीतरी टाकायची, एवढीच अपेक्षा. १९६७ मध्ये बर्मिंगहॅमला बुधी कुंदरन या यष्टिरक्षकाच्या हाती नवा चेंडू दिला गेला, यावरून काय ते समजावे. खेळपट्ट्या संथ होत्या हे कारण खरेच, पण अपुरे. वेगवान गोलंदाज तयार करायला आठ-दहा वर्षे लागतात आणि तेवढा धीर कोणत्याच संघटनेकडे नव्हता.

तो धीर पुढे एका टायर कंपनीने दाखवला. १९८७ मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले, डेनिस लिली मार्गदर्शनाला आले. श्रीरामपूरसारख्या साखरपट्ट्यातल्या गावातून मुंबईत आलेला झहीर तिथपर्यंत पोचला आणि रणजी खेळला तो बडोद्याकडून. त्याची कारकीर्द मला त्याच्या ३११ कसोटी बळींपेक्षा २००६ या वर्षासाठी महत्त्वाची वाटते. भारतीय संघातून बाहेर पडलेला हा डावखुरा त्या उन्हाळ्यात वूस्टरशायरकडून काउंटी खेळला आणि ७८ बळी घेऊन परतला. तिथे दर आठवड्याला गोलंदाजी करायची होती, म्हणून त्याने धाव आखडली, उडी कमी केली, कुठे जोर लावायचा आणि कुठे राखायचा हे ठरवले. पुढच्या वर्षी नॉटिंगहॅमला सामन्यात ९ बळी, २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, हे सारे या दुसऱ्या झहीरचे. असा दुसरा जन्म देसाईंना मिळाला नाही. त्यांच्या काळी गोलंदाजाला सुधारायला वेळ देण्याची पद्धतच नव्हती.

उमेश यादवचा अभ्यास मात्र आमच्याकडच्या मुलांनी आधी करावा. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवर वाढला, पोलीस भरतीत हुकला, आणि लेदर बॉल हातात आला तो विशीच्या आसपास. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये कसोटी. पुढे ५७ कसोट्यांत १७० बळी. उशिरा सुरुवात झाल्याने त्याचे नुकसान झाले की कोवळ्या वयात कंबर वाचली म्हणून फायदा झाला? मला दुसरी शक्यता अधिक पटते, पण एका उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही.

तो उभा करायला पुरावा लागेल, आणि तो आपल्याच गावांत पडून आहे. कसोट्यांची नोंद सगळ्यांकडे असते. तालुक्याच्या, महाविद्यालयांच्या, मॅटिंगवरच्या सामन्यांत कोणत्या वयाच्या मुलाने किती षटके टाकली, हे फक्त जुन्या स्कोअरबुकांत मिळेल. मिरज, तासगाव, जत, कवठे महांकाळ, कुठल्याही क्लबच्या कपाटात अशी वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. पाने फाटलेली असली तरी चालतील, गोलंदाजीचा रकाना शाबूत असला म्हणजे पुरे. गोलंदाजाचे वय वहीत नसते, तेव्हा जुन्या खेळाडूंना भेटून ते शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा.