‘क्रांति’ या शब्दाचा प्रवास

‘रेव्होल्यूशन’ या इंग्रजी शब्दास ‘क्रांति’ हा प्रतिशब्द मराठींत आतां इतका रुळला आहे कीं, हे दोन्ही शब्द मूळचे ज्योतिषांतले, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १५४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नांवांतच तो शब्द आहे, आणि तेथें त्याचा अर्थ गोलांचें परिभ्रमण. मूळ लॅटिन धातु ‘मागें वळणें’ या अर्थाचा. १६८८ सालीं इंग्लंडांत राजा बदलला. आपले जुने हक्क परत आले, या समजुतीनें त्या घटनेस हेंच नांव पडलें. १७८९ नंतर फ्रान्सनें मात्र त्या शब्दांतील परतण्याचा अर्थ पार पुसून टाकला.

संस्कृत ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणें. सूर्याचा मार्ग तें क्रांतिवृत्त, आणि तो एक रास ओलांडून दुसरींत जातो ती संक्रांति. तिळगूळ वाटणाऱ्या घरांना हा शब्द परका कसा असेल? इंग्रजींत मुळांत परतणें होतें, संस्कृतांत ओलांडणें. सूर्य वर्षानें पुन्हां तेथेंच येतो, ही गोष्ट निराळी!

सातारच्या इतिहासांत हे दोन्ही अर्थ सांपडतात. १८३९ सालीं प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले, १८४८ सालीं राज्य खालसा झालें. रंगो बापूजी गुप्ते यांनीं लंडनमध्यें बारा वर्षांहून अधिक काळ दाद मागितली आणि शेवटीं १८५७ सालीं कट रचला, तो गेलेली गादी परत यावी म्हणून. त्या धन्याच्या निष्ठेला तोड नाहीं. पण तिची दृष्टि मागें होती.

१९४३ च्या सुमारास त्याच जिल्ह्यांत प्रतिसरकार उभें राहिलें, तें कोणाच्या गादीसाठीं नव्हे. वाळवें, तासगांव हे तालुके तेव्हां साताऱ्यांतच होते. कुंडल औंध संस्थानांत होतें. १९३० सालीं तलाठ्याची नोकरी सोडलेले नाना पाटील या चळवळीचे पुढारी. गांवोगांव न्यायमंडळें बसलीं, तंटे कोर्टाबाहेर मिटूं लागले, थोडक्या खर्चाचीं ‘गांधी लग्नें’ लागलीं. अपराध्याच्या तळपायांवर मार देण्याची शिक्षाहि होती. ती कठोर होती, हें झांकण्याचें कारण नाहीं. खेडुतांच्या जिभेवर ‘प्रति’चें ‘पत्री’ झालें, आणि मग पायांस पत्रे ठोकतात अशी वदंता त्या उच्चारास येऊन चिकटली. नाना पाटलांना लोक ‘क्रांतिसिंह’ म्हणूं लागले.

१९४९ सालीं त्या भागाचा दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. ‘पत्री सरकार’ हा उच्चार मात्र दोन्ही जिल्ह्यांत अजून कायम आहे.