मुंबई–कराची : दीड तासाची लांबलेली वाट

मुंबई ते कराची हे सरळ रेषेतले अंतर नऊशे किलोमीटरही भरत नाही. मुंबईहून दिल्ली त्यापेक्षा लांब. आजच्या जेट विमानाला हे अंतर कापायला दीड तास पुष्कळ झाला. तरीही या दोन शहरांमधला विमानप्रवास आज १९३२ सालापेक्षा जास्त वेळखाऊ आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचे, ‘पुस मॉथ’ जातीचे. सोबत होती सुमारे २५ किलो टपाल. लंडनची पत्रे इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येत. ती पुढे मुंबई-मद्रासला नेण्याचे काम टाटांनी पत्करले होते. वाटेत अहमदाबादला इंधन भरायचे होते आणि ते इंधन विमानापर्यंत आले बैलगाडीतून! दुपारी विमान जुहूला उतरले. तिथून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासला टपाल नेले टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी. जुहूची धावपट्टी मातीची. पावसाळ्यात ती चिखलात जाई, म्हणून त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला हलवावा लागे. इतक्या तुटपुंज्या साधनांनिशी कराचीचे टपाल त्याच दिवशी मुंबईत आले, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

तेव्हा ही दोन्ही शहरे एकाच कारभारात होती. सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. कराचीतल्या १८५५ सालच्या सरकारी शाळेला मराठी शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव मिळाले, ते याच जुन्या नात्यातून. फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी आलेल्या हजारो सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली. आजचे उल्हासनगर ते हेच.

फाळणीने विमाने थांबली नव्हती. ती थांबवली पुढच्या भांडणांनी. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ या भारतीय प्रवासी विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेले गेले आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. त्यामुळे पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जाणारी विमाने श्रीलंकेमार्गे वळसा घेऊ लागली. डिसेंबरात युद्ध पेटले. दोन्ही देशांमधली विमानसेवा पुन्हा जुळायला १९७६ उजाडले. भारतीय संसदेवरील हल्ल्यानंतर ती परत तुटली आणि १ जानेवारी २००४ ला सुरू झाली.

मधल्या काळात, १९८२ मध्ये, याच वाटेवर जे. आर. डी. पुन्हा उडाले. वय ७८, विमान ‘लेपर्ड मॉथ’, मार्ग पूर्वीचाच : कराची, अहमदाबाद, मुंबई. म्हाताऱ्या वैमानिकाचे विमान सीमा ओलांडून आले, तेव्हा दोन्ही सरकारांनी परवानगी दिली होती. इंजिनाइतकीच ही परवानगीही त्या उड्डाणाला लागत होती.

२००४ ला सुरू झालेली सेवाही पुढे बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशच बंद केले. मुंबईच्या माणसाला कराचीत नातलगाच्या घरी जायचे असेल, तर व्हिसा मिळाल्यावरही आधी दुबई गाठावी लागते. हा फेरा तीन हजार किलोमीटरांवर जातो आणि दुबईतले थांबणे धरले तर सगळा दिवस त्यात मोडतो. उल्हासनगरात कराचीत जन्मलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या हयातीत तरी ही थेट सेवा सुरू व्हायला हवी.