मोतीबिंदू : टाक्याची, बिनटाक्याची की 'फेको'?

मोतीबिंदू 'पिकल्यावर' काढावा, हा सल्ला जळोची-बारामतीपासून पुण्या-मुंबईपर्यंत परिचित आहे. आता मात्र तो कालबाह्य ठरला आहे. पूर्वी गढूळ झालेले नेत्रभिंग आवरणासह काढले जाई आणि रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा लागे. १९४९ मध्ये हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये कृत्रिम भिंग बसविल्यानंतर चित्र पालटू लागले.

टाक्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे १० ते १२ मिलिमीटरचा छेद घ्यावा लागतो. बिनटाक्याच्या लघुछेद पद्धतीत तो ६ ते ७ मिलिमीटरचा असून आपोआप मिटतो. अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये पुढे आणलेल्या 'फेको'मध्ये अल्ट्रासाउंड लहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतला जातो. आज त्यासाठी सुमारे ३ मिलिमीटर किंवा त्याहून लहान छेद पुरतो. डोळा लवकर सावरतो; खर्च मात्र अधिक येतो.

फार पिकलेला, कठीण मोतीबिंदू फोडण्यास जादा ऊर्जा लागते आणि बुबुळावरील पारदर्शक पटलाला इजा संभवते. अशा वेळी अनुभवी हातांतील लघुछेद पद्धत कमी खर्चात चांगली दृष्टी देते. अतिपक्व मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढण्याचाही धोका असतो. त्यामुळे दैनंदिन कामे अडू लागताच तपासणी करून घेणे हिताचे.