बोगस आणि चोर

मृग जवळ आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एक ठरलेली बातमी येते. कृषी विभागाच्या भरारी पथकाने अमुक गावात धाड टाकली आणि इतक्या लाखांचं 'बोगस बीटी' बियाणं पकडलं. कधी वणी-झरीकडे, कधी पांढरकवड्याकडे. सोबत फोटो. टेबलावर पाकिटांची रास, मागे पथकातली चार-सहा गंभीर माणसं. वर्ष बदलतं, फोटो तोच वाटतो.

पण ही बातमी वाचून गावात प्रत्येक वेळी 'बरं झालं' असं कोणी म्हणत नाही. कधी म्हणतात, कधी चक्क हळहळतात. शहरातल्या माणसाला याचं नवल वाटतं. नकली औषध, नकली घड्याळ, चोरून छापलेलं पुस्तक हे सगळं आपण एकाच टोपलीत टाकतो आणि शेतकऱ्यानेही तसंच टाकावं अशी अपेक्षा करतो. पण बातमीतल्या त्या 'बोगस' शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक म्हणजे नामांकित कंपनीचं नाव छापलेल्या पिशवीत भलतीच सरकी भरून विकणं. दुसरी म्हणजे 'चोर बीटी', म्हणजे तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही असं, सरकारची परवानगी नसलेलं एचटीबीटी बियाणं. पहिल्यात शेतकरी फसतो. दुसऱ्यात तो डोळे उघडे ठेवून घेतो. मारेगावकडचे आमचे एक काका हा फरक एका वाक्यात सांगतात, "बोगस म्हंजे जे निंगतच नाही ते. हे त निंगते ना बाप्पा, फक्त बिल भेटत नाही."

या वाक्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे असं मला वाटतं. तो जमेल तसा मांडतो.

कापसातली खोट हा विषय बियाण्याच्या पाकिटापेक्षा फार जुना आहे. मुंबई इलाख्यात कापसातल्या फसवणुकीविरुद्ध १८२९ सालीच नियम झाला होता. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते ६५), मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला की भेसळ आलीच! गठाणीत पाणी, माती, सरकी, काय वाट्टेल ते. म्हणून १८६३ साली मुंबईत कापूस-फसवणुकीचा नवा कायदा आला. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं (१८५३ च्या तहाने ते निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं होतं), पण आपला माल जायचा मुंबईच्याच बंदरात. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव १९०५ सालचं.

त्या काळात कापूस विकला जायचा गावाच्या नावावर. लिव्हरपूलच्या बाजारात 'उमरा' म्हणजे अमरावतीकडचा कापूस, आणि 'हिंगणघाट' म्हणजे वर्धा नदीपलीकडचा लांब धाग्याचा 'बणी' कापूस. हिंगणघाट हे नाव म्हणजे आजच्या भाषेत ब्रँडच. आणि ब्रँडचं जे होतं तेच झालं. आखूड धाग्याचा, जाडाभरडा पण भरपूर पिकणारा 'जडी' कापूस त्यात मिसळून चांगल्या नावाने पाठवला जाऊ लागला. इंग्रज सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. हिंगणघाटचं बियाणं शुद्ध राहावं म्हणून या गृहस्थांनी बरीच खटपट केली. तरी जडी पसरतच गेला. कारण साधं होतं. जडीचं पीक जास्त, त्यात रुईचा उतारा जास्त, आणि लांब धाग्याचा जादा भाव शेतकऱ्याला परवडेल इतका मिळत नव्हता. नाव मोठं झालं, पण त्या नावाची किंमत शेतापर्यंत आली नाही. मग त्या नावाची चाड पेरणाऱ्याने का बाळगावी?

पुढे १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा झाला. हलका कापूस बाहेरून आणून नावाजलेल्या प्रदेशाच्या कापसात मिसळू नये म्हणून ठरावीक भागात बाहेरचा कापूस आणायला बंदी करण्याची सोय त्यात होती. आज नागपूरची संत्री, वायगावची हळद यांना भौगोलिक मानांकन मिळतं त्याचा हा पणजोबाच म्हणायचा. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसचा शिक्का आणि क्रमांक बंधनकारक झाला. खोट निघाली तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. हा शिक्का मला महत्त्वाचा वाटतो. मालावर नाव असणं म्हणजे मालकी मिरवणं एवढंच नाही, धरायला कॉलर असणंही आहे. तो मुद्दा पुढे येईलच.

बियाण्याचं मात्र तोवर काही नाव-गाव नव्हतं. घरची सरकी, नाहीतर जिनातली सरकी. ती शेणात घोळून पेरायची. 'हे बियाणं कोणाचं?' हा प्रश्नच नव्हता, ज्याच्या घरात त्याचं. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून 'एच-४' हा पहिला संकरित कापूस आला आणि गणित बदललं. संकरिताची सरकी घरी ठेवून पेरली तर पीक सारखं येत नाही, म्हणून दरवर्षी विकत आणायची. पाकीट आलं, छाप आला, आणि अर्थातच नकली छापही आला. आमच्या वडिलांच्या पिढीची 'कंपनी'शी ओळख ही अशी झाली.

मग आलं बीटी. त्याची सुरुवातच चोरीने झाली हे बरेच जण विसरतात. २००१ च्या ऑक्टोबरात गुजरातमध्ये 'नवभारत १५१' नावाच्या वाणात मोन्सॅन्टोचं बीटी जनुक सापडलं. परवानगी नाही, परवाना नाही, आणि हजारो एकरांवर पीक उभं. केंद्राच्या समितीने ते उपटून जाळायला सांगितलं. शेतकरी म्हणाले, हात लावून दाखवा. बोंडअळीने बाकीचे शेत खाल्ले होते आणि हेच तेवढं वाचलं होतं! शरद जोशी त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पाच-सहा महिन्यांत, २६ मार्च २००२ ला, जालन्याच्या महिकोच्या तीन वाणांना रीतसर परवानगी मिळाली. गावाने यातून काय धडा घेतला असेल? चोर आधी आला, साव मागून आला, आणि सावाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत होती सोळाशे रुपयांच्या आसपास. त्यातला मोठा हिस्सा त्या जनुकाचं स्वामित्वशुल्क.

आणि हे ऐका. ज्या पहिल्या बीटी जनुकासाठी हे शुल्क घेतलं गेलं, त्याचं भारतात पेटंटच नव्हतं. पेटंट होतं ते नंतरच्या बोलगार्ड-२ चं. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं तेव्हा कुठे पाकीट साडेसातशेवर आलं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ ला पाकीट ८०० रुपये, त्यात शुल्क फक्त ४९. पुढे ३९, मग २०, आणि २०२० पासून शून्य. जी गोष्ट हजाराच्या घरात होती ती शून्यावर येऊ शकते, हे पाहिलेल्या माणसाला 'बौद्धिक संपदेचा आदर करा' असं सांगायचं म्हणजे जरा अवघडच. (कंपनीची बाजू नाहीच असं मी म्हणत नाही. जनुक शोधायला वर्षं आणि पैसा लागतो, आणि तो कोणीतरी द्यायलाच हवा. पण ज्याच्याकडून वसूल केला त्याला हिशोब कोणी दाखवला नाही.)

आता २०१७. हे साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. त्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, औषधांची नको ती मिश्रणं, तोंडाला साधं फडकं. मागोमाग गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली, म्हणजे ज्या संरक्षणाचे इतकी वर्षं पैसे मोजले तेच निकामी झालेलं. नुकसानभरपाईसाठी महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली 'जी' फॉर्म भरायचा होता. फॉर्मसोबत काय हवं? बियाणं घेतल्याची पावती, पाकिटावरची माहिती. कृषी केंद्रातून उधारीवर घेतलेल्या थैलीचं पक्कं बिल कितीजण सांभाळतात? आणि चोर बीटीवाल्याकडे तर बिल जन्मालाच आलेलं नसतं.

इथे काकांचं वाक्य मला अपुरं वाटतं. "फक्त बिल भेटत नाही" यातल्या त्या 'फक्त'मध्ये सगळं आहे. तणनाशक सहन करणारं हे जनुक घेऊन महिकोने परवानगीसाठी अर्ज केला होता, तो २०१६ साली मागे घेतला. तोपर्यंत बियाणं बाहेर निसटलेलं होतं. निंदणाची मजुरी परवडत नाही, ऐन वेळी बाया मिळत नाहीत, म्हणून लोक ते घेतात. कारण खरं आहे. (ज्या बायांची निंदणाची मजुरी त्यामुळे बुडते त्यांना कोणी विचारत नाही, ते वेगळंच.) एकाधिकार खरेदीच्या काळात भाव तिकडे जास्त असला की कापूस चोरून पैनगंगेपलीकडे जायचा. आता त्याच रस्त्यांनी बियाणं इकडे येतं. पण चोर बीटीच्या नावाखाली कोणी साधी सरकी रंगवून दिली तर? देतातच. म्हणजे चोराच्या मालातही बोगस निघतो, आणि तिथे फिर्याद करायची सोय नाही, कारण फिर्यादीच गुन्हेगार ठरतो. १९२५ च्या गठाणीवर निदान प्रेसचा शिक्का होता.

१० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने हे बियाणं जाहीरपणे पेरलं. शेकडो शेतकरी जमले होते. पर्यावरण कायद्याखाली तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. तंत्रज्ञान स्वातंत्र्य हवं ही त्यांची मागणी मला समजते. पण त्या स्वातंत्र्याचा आजचा विक्रेता म्हणजे नाव नसलेला, फोन बंद करून बसलेला माणूस आहे, यावर तिथल्या भाषणांपेक्षा जास्त बोलायला हवं होतं असं माझं मत.

शेतकरी नेहमी घेणाराच असतो असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या धुऱ्याबांधीत वेगळी दिसलेली धानाची लोंबी जपून, निवडून, वाढवून एक बारीक तांदूळ तयार केला. एका व्यापाऱ्याने त्याला नाव दिलं 'एचएमटी', मनगटावरच्या लोकप्रिय घड्याळाचं. घड्याळवाल्या कंपनीची परवानगी घ्यावी असं अर्थातच कोणाच्या मनात आलं नाही :-) पुढे १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या माणसांनी दादाजींकडून बियाणं नेलं, आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाने विद्यापीठाचा वाण जाहीर झाला. आम्ही ते शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. तांदूळ देशभर गेला. दादाजी गरिबीतच राहिले. राज्य सरकारने त्यांना कृषिभूषण पुरस्काराचं सुवर्णपदक दिलं, आणि अडचणीच्या वेळी ते विकायला नेलं तर सोनं खोटं निघालं! वर्तमानपत्रांत गाजल्यावर ते बदलून मिळालं. ३ जून २०१८ ला दादाजी गेले.

२००१ सालच्या वाण संरक्षण कायद्यात कलम ३९ आहे. शेतकरी आपलं बियाणं ठेवू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. फक्त छापाच्या पाकिटात घालून नाही. वाण निर्माण करणारा म्हणून नोंदणीही करू शकतो. आमच्याकडच्या कितीजणांना हे कोणी समजावून सांगितलं? धाड कशी पडते ते मात्र सगळ्यांना ठाऊक.

२०२५ च्या हंगामात बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती. काका त्या वर्षी अर्ध्या शेतात बिलाची पऱ्हाटी पेरणार होते आणि अर्ध्यात बिनबिलाची. बिलाच्या पिशव्या रिकाम्या झाल्यावर घडी करून, पावती आत घालून, देवघरामागच्या खुंटीला टांगून ठेवायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या पिशव्यांवर काही छापलेलंच नव्हतं, त्यांत काकू वाल भरून ठेवते.