रद्दीतून वाचलेली पुस्तकं

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू ठेवा, भाकरी करपू देऊ नका, आणि कान तेवढा इकडे असू द्या. आज मी बाजाराची गोष्ट सांगणार आहे.

आपण घोडेगावच्या बाया. जनावरांचा बाजार आपल्याला नवा नाही. बाजारात गाय येते ती कुणाच्या तरी गोठ्यातून. आपण तिचे दात बघतो, कास बघतो, चार पावलं चालवून बघतो, कितवं वेत म्हणून विचारतो आणि मग दावं हातात घेतो. दुसऱ्याच्या दावणीची म्हणून तिला कुणी कमी लेखत नाही. उलट आपल्या घरी येऊन ती दूध देते तेव्हा आपण तिला लक्ष्मी म्हणतो.

पुस्तकांचाही असाच बाजार असतो, हे मला फार उशिरा कळलं. माझी थोरली मुलगी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेली. पुस्तकांची यादी एवढी मोठी, की सगळी नवी घ्यायची तर त्या साली आलेली कांद्याची पट्टी त्यातच गेली असती. ती म्हणाली, "मम्मी, आप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. तू ये, घासाघीस तुला चांगली जमते." म्हणून मी गेले.

हा चौक शनिवारवाड्याजवळ आहे. पेशवाईतले सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. आता तिथं पोरं त्याला 'एबीसी' म्हणतात. नव्या पुस्तकांची मोठी दुकानं आहेत, आणि जुन्या पुस्तकांची छोटी छोटी. परीक्षा झाली की पोरं आपली पुस्तकं विकतात, पुढच्या वर्षीची पोरं तीच घेतात. मी तिथं गाय बघावी तशी पुस्तकं बघितली. शिलाई धड आहे का, मधली पानं आहेत का, कसर लागलीय का. मुलीनं एक गोष्ट मला शिकवली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. आवृत्ती कोणत्या सालची आहे ते आधी बघायचं. कायदा, अभ्यासक्रम बदलतो. जुन्या आवृत्तीतला स्वस्त अभ्यास महागात पडतो.

त्या दिवसापासून मी या जुन्या पुस्तकांच्या मागे लागले. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

छापखाने यायच्या आधी आपल्याकडे पुस्तक म्हणजे हातानं लिहिलेली पोथी. आपल्या नेवाशात पैस खांबाजवळ १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती पुढे शेकडो वर्षं टिकली, कारण एकानं दुसऱ्याची पोथी घेऊन नक्कल केली, दुसऱ्याची तिसऱ्यानं. नकला करताना चुका शिरल्या, तेव्हा पलीकडे पैठणच्या एकनाथांनी जुन्या प्रती ताडून बघून १५८४ साली शुद्ध पाठ तयार केला. म्हणजे जुनं पुस्तक जपणं आणि पुढच्याच्या हातात देणं हे काम आपल्या गोदाकाठाला नवं नाही.

पुढे इंग्रज आले, छापखाने आले, वाचनालयं निघाली. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. पण वाचनालयाची पायरी चढणं सगळ्यांना शक्य नव्हतं. कुणाला जात आडवी, कुणाला बाईपण आडवं, कुणाला वर्गणी. अशांसाठी रद्दीचा ढीग उघडा असायचा. तिथं कुणी नाव-गाव विचारत नव्हतं. मुंबईत काळबादेवीला १९०५ साली जुन्या-नव्या पुस्तकांचं एक दुकान निघालं, ते शंभरी ओलांडून मग बंद झालं. फाउंटनच्या फुटपाथवर तर पुस्तकांच्या भिंतीच्या भिंती लागलेल्या असत. कॉलेजची पोरं उभ्या उभ्या तिथं वाचत.

जुन्या पुस्तकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मला विचाराल तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. शिष्यवृत्ती बेताची, घरी पैसे पाठवायचे, तरी पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तिथं सुमारे २००० जुनी पुस्तकं घेतली, असं त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. त्यातली सगळी काही घरी पोचली नाहीत. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांचं सामान ज्या बोटीत होतं ती युद्धात बुडाली. पण त्यांनी पुस्तकं घेणं सोडलं नाही. दादरला 'राजगृह' बांधलं तेव्हा माणसांइतकीच जागा पुस्तकांसाठी केली. नव्याच्या किमतीत ती घ्यायची म्हटली असती, तर किती आली असती हातात?

आता तुम्ही म्हणाल, हे मोठ्या माणसांचं झालं. आमच्या पोरांचं काय? तर पोरांची पुस्तकंही याच ढिगात असतात. पुण्यातल्या एका दुकानात मला 'चांदोबा'चा जुना अंक दिसला आणि मी तिथंच खाली बसले. मद्रासला 'चंदामामा' १९४७ साली सुरू झाला, त्याचा मराठी 'चांदोबा' १९५२ पासून येऊ लागला. खांद्यावर प्रेत टाकून तलवार हातात घेऊन चाललेला विक्रम राजा आठवतो ना? ते चित्र काढणारे चित्रकार शंकर. चित्रांच्या गोष्टींची पुस्तकंही तेव्हा यायची. १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' निघाली, त्यातला जंगलातला फँटम मराठीत 'वेताळ' झाला. माझा भाऊ ती तालुक्याहून भाड्यानं आणायचा. आधी तो वाचणार, मग त्याचे मित्र, आणि परत द्यायच्या आदल्या रात्री चुलीच्या उजेडात मी. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आली आणि चौंडीच्या अहिल्याबाईही आल्या. आपल्या जिल्ह्याच्या दोन बायका चित्रांतून देशभरच्या पोरांपर्यंत गेल्या.

ती पातळ पुस्तकं आम्ही वह्यांना वेष्टण घालायला फाडली, चूल पेटवायला वापरली. इंद्रजाल १९९० साली बंद झालं, पुढे चांदोबाही बंद पडला. आता पुण्यातल्या त्या दुकानात चांदोबाचा अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता आणि किंमत छापील किमतीच्या कितीतरी पट. मी काकांना म्हटलं, "एवढ्या पैशात शेळीचं करडू येईल." ते हसले. म्हणाले, "ताई, सगळ्यांनी फाडली म्हणून तर उरलेली महाग झाली."

ही गोष्ट फक्त पोरांच्या पुस्तकांची असती तर मी रेडिओवर आले नसते. बाईच्या लिहिण्याचंही असंच होतं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला आणि वर्तमानपत्रं सगळ्या बायकांच्या नावानं बोटं मोडू लागली, तेव्हा या बाईनं चिडून उत्तर लिहिलं. दोष फक्त बायकांतच असतात का, पुरुषांत नसतात का, असा रोकडा सवाल. 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचं पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं. प्रती ५००, किंमत ९ आणे. लोकांनी नावं ठेवली. जोतीराव फुल्यांनी बाजू घेतली. मग पुस्तक विसरलं गेलं. एक-दोन नाही, ९० वर्षांहून जास्त. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं आणि आज ते कॉलेजात शिकवतात. त्या ५०० प्रतींतली एखादी कुणीतरी सांभाळली म्हणून हे झालं. ती तागडीत गेली असती, तर ताराबाई आपल्याला माहीतच झाल्या नसत्या.

दुसऱ्या फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. गल्ल्यावर बसून त्या ती रद्दी वाचायच्या, मग तिच्यात साखर-डाळ बांधायच्या. वाचता वाचता त्या लिहू लागल्या. घरात कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवल्या, वीस वर्षं. त्याच लिहिण्याचं पुढे 'जिणं आमुचं' झालं, १९८६ साली पुस्तक निघालं. पुडीच्या कागदातून एका बाईनं आपल्या अख्ख्या समाजाचं जगणं लिहिण्याइतकं बळ घेतलं.

आता मैत्रिणींनो, मला एक कबुली द्यायची आहे.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. शाळेत कधी गेल्या नाहीत. गावात साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा रात्री कंदील घेऊन त्या जायच्या. अक्षर आलं तसं त्यांनी एक वही केली. तिच्यात जात्यावरच्या ओव्या होत्या, त्यांच्या आईकडून आलेल्या. कोणती गाय कधी व्याली ते होतं. कुणाला किती पायली बाजरी उसनी दिली ते होतं. अक्षर मोठं मोठं, वाकडं.

एका दिवाळीच्या आवराआवरीत मी पोरांची जुनी पुस्तकं रद्दीला काढली. रद्दीवाल्या दादांनी वजन केलं, मी पैसे घेतले, पोरांना फटाके आणले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, "माझी वही कुठं ठेवलीस गं?" मी रद्दीवाल्याकडे पळत गेले. माल रात्रीच पुढे गेला होता. आत्याबाई मला काहीच बोलल्या नाहीत. ताक घुसळायला बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुण्यात मी जिथं जिथं ढीग बघितला तिथं माझा हात त्या वहीसाठी जात होता. वेडेपणाच तो. शेवटी मी त्या काकांना विचारलं, "हातानं लिहिलेल्या वह्या येतात का तुमच्याकडे?" ते म्हणाले, "येतात ताई, पण गिऱ्हाईक नसतं. त्या सरळ लगद्याला जातात."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. छापलेल्या पुस्तकाच्या पाचशे प्रती असतात, एक गेली तरी दुसरी कुठंतरी राहते. बाईच्या वहीची प्रत एकच. तिला शहरातला कुठलाही दुकानदार वाचवणार नाही. आपल्या मराठीत 'वाचणं' म्हणजे पुस्तक वाचणं आणि 'वाचणं' म्हणजे जीव वाचणं, दोन्हीला शब्द एकच आहे. आणि घरातली रद्दी काढतं कोण? आपणच. म्हणजे काय वाचायचं आणि काय वाचवायचं, याची तागडी आपल्याच हातात आहे.

म्हणून आमच्या बचत गटानं काही गोष्टी ठरवल्या. पटल्या तर तुम्हीही करा. एक, रद्दी देण्याआधी प्रत्येक वही, प्रत्येक पुस्तक उघडून बघायचं. दोन, जिथं गटाची बैठक होते तिथं एक लोखंडी पेटी ठेवायची. प्रत्येकीनं घरातली दोन पुस्तकं आणायची आणि हप्त्याच्या रजिस्टरसारखंच पुस्तकाचं रजिस्टर ठेवायचं. कोण घेऊन गेली, कधी परत आणलं. पेटीत कडुलिंबाचा वाळला पाला टाकायचा, कसर लागत नाही. तीन, शहरात लेकरं शिकत असतील तर त्यांना सांगायचं, येताना एक जुनं पुस्तक आण. आणि पोरांसाठी पैसेही लागत नाहीत. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीनं मोबाइलवर फुकट वाचायला ठेवले आहेत.

चौथं काम माझ्या मनाजवळचं. ज्या म्हाताऱ्या बायांना ओव्या येतात त्यांच्याजवळ बसून त्या लिहून घ्यायच्या आणि वहीची झेरॉक्स काढून दोन घरी ठेवायची. हेमा रायरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओव्या सांगणाऱ्या त्या आपल्यासारख्याच बाया होत्या.

आत्याबाई आता नाहीत. त्यांच्या ओव्यांतल्या मला दोनच येतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. पण त्यांच्या जोडीनं दळायला बसणाऱ्या काहीजणी अजून गावात आहेत, आणि आत्ता हे ऐकतही असतील. मावशी, काकी, तुम्हाला त्यातली एखादी आठवत असेल तर बैठकीला या. वही मी आणते, पेन मी आणते. तुम्ही नुसतं म्हणा.