तीन सेट आले कुठून?

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओ सांगतात, 'दहा वेळा, तीन सेट.' माझ्या संशोधन आराखड्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं: 'डीलॉर्म, 1945, तीन सेट.' गाईडनी एवढंच विचारलं, "मूळ पेपर वाचलास का?" वाचला नव्हता.

मग शोधून वाचला. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची गर्दी होती. डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी त्यांना हलक्या व्यायामाऐवजी जड वजनं उचलायला लावली. तरुणपणी आजारातून उठल्यावर ते स्वतः वजनं उचलूनच सावरले होते. पण 1945च्या पेपरात दहा-दहाचे सात ते दहा सेट आहेत! तीन सेट आले 1948मध्ये, वॉटकिन्स यांच्यासोबतच्या पेपरात. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचं. त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा.

पुढे 1978मध्ये अमेरिकेत स्ट्रेंग्थ प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली आणि 1985मध्ये सीएससीएस हे प्रमाणपत्र सुरू झालं. क्रीडा-पुनर्वसनातले फिजिओही ते मिळवतात. रुग्णालयातली वजनं आणि मैदानावरची वजनं अशी पुन्हा एकत्र आली.

डीलॉर्मनी तीन वर्षांत स्वतःचाच आकडा बदलला, यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा होता तो माझ्या ऐकीव संदर्भात. सिनॉप्सिस देण्याआधी एवढं तपासा: साल आणि आकडा एकाच पेपरातले आहेत ना?