लघुउद्योगाला ध्येयनिवेदन कशासाठी?

मुंबईत गिरगाव येथील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणींनी पापडाची चार पाकिटे तयार केली. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. हा माल भुलेश्वर येथील एका परिचित व्यापाऱ्याकडे विक्रीसाठी देण्यात आला. पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने देशभर पोहोचलेल्या उद्योगाची ही सुरुवात सर्वश्रुत आहे. मात्र, व्यवसायाचा जम बसण्यापूर्वीच आपण काय करणार नाही हे या महिलांनी ठरवून टाकले होते, याचा उल्लेख त्या मानाने कमी होतो. उद्योग तोट्यात गेला तरी कोणाची देणगी स्वीकारायची नाही, हा त्यातील एक निश्चय होता.

व्यवस्थापनशास्त्रात अशा निश्चयांच्या लिखित स्वरूपास ‘मिशन स्टेटमेंट’ असे म्हणतात. मराठीत त्यास ध्येयनिवेदन म्हणता येईल. उद्योग कोणासाठी चालविला जातो, ग्राहकाला तो काय देतो आणि ते देताना कोणती मर्यादा पाळतो, एवढे त्यात स्पष्ट झाले की पुरे. जाहिरातीतील ब्रीदवाक्याशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. ब्रीदवाक्य ग्राहकाचे लक्ष वेधण्यासाठी असते, तर ध्येयनिवेदन प्रामुख्याने उद्योगातील माणसांसाठी असते. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, आपला व्यवसाय नेमका कोणता, या वरकरणी सोप्या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान दिले होते.

लहान उद्योजकाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. कंपनी स्थापन करताना कायद्यानुसार तिची उद्दिष्टे लिहून द्यावी लागतात. भागीदारीच्या करारपत्रातही व्यवसायाचे स्वरूप नमूद केले जाते. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला किंवा कारखान्याला मात्र असे कोणतेही बंधन नाही. जुलै २०२० पासून सुरू झालेल्या ‘उद्यम’ नोंदणीत व्यवसायाचा प्रकार, गुंतवणूक आणि उलाढाल यांची माहिती घेतली जाते. व्यवसाय कशासाठी, याची नव्हे. परिणामी सर्व धोरण मालकाच्या डोक्यात राहते. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो तोवर त्याने काही बिघडत नाही. दुसरी शाखा निघाली, मुलगा किंवा सून व्यवसायात आली, अथवा मालक आजारी पडला, की अडचण जाणवू लागते.

लिज्जतच्या बाबतीत ही अडचण पहिल्या काही वर्षांतच उभी राहण्याजोगी होती, कारण येथे माल एका छताखाली तयार होत नाही. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते आणून द्यायचे, अशी कामाची पद्धत आहे. हजारो स्वयंपाकघरांत प्रत्येक पोळपाटाजवळ देखरेखीसाठी माणूस उभा करणे कोणत्याही व्यवस्थापनाला शक्य नाही. तेथे उपयोगी पडते ती सर्वांना ठाऊक असलेली आणि सर्वांनी मान्य केलेली मर्यादा.

ही मर्यादा आखून देण्यात समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांचा मोठा वाटा होता. आरंभी दोन प्रतींचे पापड तयार केले जात आणि त्यातील एक प्रत स्वस्तात विकली जाई. छगनबाप्पांनी एकच उत्तम प्रत ठेवण्याचा, दर्जात तडजोड न करण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. स्वस्त माल बंद करणे म्हणजे हातची विक्री सोडणे होय. ८० रुपयांवर उभ्या असलेल्या उद्योगासाठी हा निर्णय सोपा नसावा.

१९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. व्यवसाय, परिवार आणि भक्ती या तीन संकल्पनांवर संस्थेचा कारभार आधारलेला आहे. येथे ‘व्यवसाय’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण महिलांना मदत करणारी धर्मादाय संस्था अशी ओळख स्वीकारण्यास संस्थेने सातत्याने नकार दिला आहे. सभासद महिला ‘बहीण’ म्हणून ओळखली जाते. ती नोकर नसून सहमालक असते आणि नफ्यात तिचा वाटा असतो. पुरुषांना पगारी काम मिळू शकते, सभासदत्व मिळत नाही. सभासद होताना प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी करावी लागते; म्हणजेच ध्येय कामाच्या पहिल्याच दिवशी वाचून दाखविले जाते. आज संस्थेच्या सभासदांची संख्या ४० हजारांहून अधिक आहे. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

अर्थात, ध्येय स्पष्ट असले म्हणजे प्रत्येक उपक्रम यशस्वी होतो असे नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिज्जतने हाती घेतलेले काडेपेट्यांसारखे काही उद्योग तग धरू शकले नाहीत. नंतर आलेली ‘ससा’ धुलाईची पावडर मात्र बाजारात टिकली. नियमही काळानुरूप बदलले. सुरुवातीला लहान मुलीही कामात सहभागी होत असत. पुढे किमान वय १८ वर्षे ठरविण्यात आले.

ध्येयनिवेदन लिहिताना अनेक उद्योजक मोठ्या कंपन्यांच्या मजकुराची नक्कल करतात. ‘जागतिक दर्जा’, ‘ग्राहक हाच देव’ अशी वाक्ये कोणत्याही दुकानाला लावता येतात, म्हणून ती कोणाच्याच कामाची नसतात. मसाल्याच्या कारखान्याने ‘मिरचीत रंग मिसळणार नाही, कमी भावाची मागणी आली तरी’ असे लिहिले, तर खरेदी पाहणाऱ्या माणसाला त्यातून नेमकी सूचना मिळते. शिंपीकाम करणाऱ्याने दिलेल्या तारखेला कपडे देण्याचे लिहिले, तर लग्नसराईत किती काम घ्यायचे हे आपोआप ठरते. मजकूर चार-पाच ओळींहून मोठा नसावा आणि कामगारांच्या बोलीत असावा. लिहिण्यापूर्वी गेल्या वर्षभरात नाकारलेली कामे आठवावीत आणि ती का नाकारली, याची कारणे एका कागदावर मांडावीत. बहुतेक वेळा पहिला मसुदा तेथेच तयार होतो.